लघुउद्योगासाठी मुक्तस्रोत हिशेब सॉफ्टवेअर निवडताना

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी लाल कापडाच्या चोपड्यांची पूजा करण्याची रीत अनेक पेढ्यांवर आजही पाळली जाते. त्या चोपड्यांत पहिल्या पानावरील स्वस्तिकाखेरीज पुढे वर्षभर फारसे काही लिहिले जात नाही, एवढाच काय तो फरक. खरी कीर्द, खतावणी, उधारीची यादी आणि करांचा तपशील हे सारे दुकानातील वा कारखान्यातील संगणकात असते. कागदी चोपडी मालकाची होती. ती केव्हाही उघडून वाचता येत असे. संगणकातील चोपडीबाबत मात्र तसे छातीठोकपणे म्हणता येत नाही. सॉफ्टवेअरचा परवाना संपला, वार्षिक वर्गणी भरायची राहिली किंवा ते तयार करणारी कंपनीच बंद पडली, तर आपल्याच धंद्याचा पाच वर्षांपूर्वीचा हिशेब आपल्याला उघडता येईल काय, हा प्रश्न उद्योजकाने स्वतःला विचारून पाहावा. मुक्तस्रोत हिशेब सॉफ्टवेअरचा विचार या प्रश्नापासून सुरू व्हायला हवा. पैसे वाचवण्याचा मुद्दा त्यानंतरचा.

महाराष्ट्रात हिशेबाचे सॉफ्टवेअर म्हणजे टॅली, असे समीकरण रूढ आहे आणि ते अकारण नाही. १९८६ साली सुरू झालेल्या या भारतीय कंपनीने येथील व्यापाऱ्याची हिशेबाची पद्धत नीट ओळखली. अर्धवेळ काम करणारे बहुसंख्य हिशेबनीस त्यावरच तयार झालेले असतात. मात्र त्याच लोकप्रियतेमुळे त्याच्या चोरट्या प्रतीही गल्लोगल्ली पोहोचल्या. चोरटी प्रत म्हणजे ‘फुकटचे सॉफ्टवेअर’ असा समज करून घेणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात: ती वापरणे हा कायद्याने गुन्हा आहे आणि तिच्यासोबत संगणकात आणखी काय काय शिरले आहे, हे कोणालाच सांगता येत नाही.

फुकट आणि मुक्त

येथे शब्दांचा घोळ दूर करणे आवश्यक आहे. जे विनामूल्य मिळते ते सर्व मुक्तस्रोत असते असे नाही. ‘मॅनेजर’ नावाच्या हिशेब सॉफ्टवेअरची डेस्कटॉप आवृत्ती विनामूल्य मिळते. परंतु तिचा स्रोत खुला नाही. उद्या कंपनीने धोरण बदलले तर ग्राहकापाशी उपाय नाही. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमध्ये मूळ आज्ञावली वाचण्याचा, बदलण्याचा, वाटण्याचा आणि कोणत्याही कामासाठी वापरण्याचा हक्क परवान्यानेच दिलेला असतो. ‘जीपीएल’ आणि ‘एजीपीएल’ हे त्यांतील ठळक परवाने होत.

दुकानदार स्वतः आज्ञावली वाचणार नाही, मग त्याला या हक्काचा उपयोग काय? याचे उत्तर ‘एसक्यूएल-लेजर’ या प्रणालीच्या इतिहासात सापडते. सुरक्षेच्या त्रुटी कशा हाताळाव्यात यावरून तिचा कर्ता आणि काही वापरकर्ते यांच्यात मतभेद झाले. २००६ साली त्या वापरकर्त्यांनी तीच आज्ञावली घेऊन ‘लेजर-एसएमबी’ हा स्वतंत्र प्रकल्प सुरू केला. ज्यांचा हिशेब जुन्या प्रणालीत होता, त्यांना दुसरी वाट मिळाली. बंदिस्त सॉफ्टवेअरच्या ग्राहकाला अशा वेळी तक्रार करण्यापलीकडे फारसे काही करता येत नाही.

याउलट, ‘मुक्तस्रोत’ हा शिक्काही डोळे मिटून स्वीकारू नये. बेल्जियममध्ये जन्मलेली ‘ओडू’ ही प्रणाली आपल्याकडेही बरीच वापरली जाते. तिची ‘कम्युनिटी’ आवृत्ती मुक्तस्रोत आहे. मात्र २०१५ मधील नवव्या आवृत्तीपासून पूर्ण स्वरूपाचे लेखाकर्म कंपनीने सशुल्क ‘एंटरप्राइझ’ आवृत्तीत ठेवले आणि मुक्त आवृत्तीत प्रामुख्याने बिले करण्याची सोय राहिली. म्हणून एखादी प्रणाली निवडताना ताळेबंद, नफातोटा पत्रक आणि बँकजुळणी या गोष्टी मुक्त आवृत्तीतच आहेत ना, हे आधी तपासावे. विक्रेत्याच्या संकेतस्थळावरील चित्रे बहुधा सशुल्क आवृत्तीचीच असतात.

कायदा काय मागतो

सॉफ्टवेअर निवडीच्या बहुतेक चर्चा रंगीत आलेखांभोवती फिरतात. निवड ठरवणारा खरा मुद्दा त्याहून कोरडा आहे. केलेली नोंद मागाहून बदलली, तर त्या बदलाची खूण सॉफ्टवेअरमध्ये राहते की नाही?

कंपनी कायद्याखालील लेखाविषयक नियमांत २०२१ साली दुरुस्ती झाली आणि दोनदा लांबणीवर पडून ती १ एप्रिल २०२३ पासून सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षाला लागू झाली. तिच्यानुसार कंपनी म्हणून नोंदलेल्या प्रत्येक व्यवसायाचे हिशेब सॉफ्टवेअर प्रत्येक व्यवहाराची आणि प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद ठेवणारे असले पाहिजे आणि ही सोय कोणालाही बंद करता येता कामा नये. लेखापरीक्षकाला आपल्या अहवालात यावर स्वतंत्र मत द्यावे लागते. दोन भागधारकांची छोटीशी प्रायव्हेट लिमिटेड कंपनीही यातून सुटत नाही. शिवाय हिशेबाची प्रत भारतातील सर्व्हरवर दररोज घेतली जावी, असे २०२२ च्या दुरुस्तीने सांगितले आहे. परदेशातील स्वस्त सर्व्हर भाड्याने घेऊन त्यावर हिशेब ठेवणाऱ्यांनी हे विसरू नये.

एकल मालकीच्या धंद्याला आणि भागीदारी पेढीला हा नियम लागू नाही. म्हणून ते निर्धास्त असतात. ते तसे नसावेत. वस्तू व सेवा कराच्या नियमांपैकी ५६ व्या नियमात असे म्हटले आहे की, हिशेबातील नोंद खोडू नये वा तिच्यावर दुसरी नोंद लिहू नये आणि हिशेब संगणकावर असेल तर बदललेल्या वा काढून टाकलेल्या प्रत्येक नोंदीचा माग ठेवावा. जीएसटी नोंदणी असलेल्या सर्वांनाच हे बंधन आहे. सनदी लेखापालाकडे मार्चअखेरीस फाइल पाठवायची आणि त्याने ‘दुरुस्त’ करून परत द्यायची, ही आपल्याकडील सवय या नियमाशी कशी जुळते, ते ज्याचे त्याने ठरवावे.

जीएसटीच्या इतर गरजा तुलनेने सरळ आहेत. बिलाचा क्रमांक आर्थिक वर्षात सलग, पुनरावृत्ती न होणारा आणि जास्तीत जास्त १६ अक्षरांचा असावा लागतो. अन्य नोंदणीकृत व्यापाऱ्याला दिलेल्या बिलावर एचएसएन संकेतांक हवा. तो पाच कोटींपर्यंतच्या उलाढालीला चार अंकी आणि त्यापुढे सहा अंकी असतो. उलाढाल पाच कोटींपेक्षा अधिक असेल तर १ ऑगस्ट २०२३ पासून ई-बीजकाची सक्ती आहे. या मर्यादेच्या आत असणाऱ्याला साधी प्रणाली पुरते. मर्यादा ओलांडणाऱ्याने सरकारी पोर्टलशी थेट जोडली जाणारी प्रणालीच घ्यावी. तेथे प्रत्येक बिल हाताने चढवत बसणे व्यवहार्य नाही.

करांचे दर बदलतात हेही गृहीत धरले पाहिजे. २२ सप्टेंबर २०२५ रोजी बहुतेक वस्तूंसाठी १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे रद्द झाले, तेव्हा रातोरात दर बदलावे लागले. दर वापरकर्त्याला स्वतः बदलता येतात की त्यासाठी नव्या आवृत्तीची वाट पाहावी लागते, हा प्रश्न त्यामुळे महत्त्वाचा ठरतो. या बाबतीत पुढील चारही प्रणाली समाधानकारक आहेत.

ग्नूकॅश

मुक्तस्रोत हिशेब सॉफ्टवेअरमधील हे सर्वांत परिचित नाव. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात लिनक्सवर सुरू झालेली ही प्रणाली आज विंडोज आणि मॅकवरही चालते. ती द्विनोंदी पद्धतीवर आधारलेली आहे. प्रत्येक व्यवहाराची नावे बाजू आणि जमा बाजू जुळल्याशिवाय ती शांत बसत नाही. सुरुवातीला खात्यांचे रकाने घरगुती भाषेतील नावांनी दिसतात. पसंतीच्या पर्यायांत जाऊन ‘डेबिट’ आणि ‘क्रेडिट’ ही रूढ नावे आणावीत, म्हणजे हिशेबनीस गोंधळणार नाही. त्याच ठिकाणी हिशेबाचे वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असे ठरवून घ्यावे.

जीएसटीसाठी ‘टॅक्स टेबल’ नावाची सोय वापरावी लागते. समजा, पुण्यातील एका आरेखनकाराने मुंबईच्या ग्राहकाला ५०,००० रुपयांचे बिल केले. १८ टक्के दराच्या एकाच तक्त्यात केंद्रीय करासाठी नऊ टक्के आणि राज्य करासाठी नऊ टक्के अशा दोन ओळी टाकल्या, की ४,५०० रुपये एका देणे-खात्यात आणि ४,५०० रुपये दुसऱ्यात आपोआप जमा होतात. बिल ५९,००० रुपयांचे होते. ग्राहक बंगळूरुचा असेल तर एकात्मिक कराचा वेगळा तक्ता करून त्यात १८ टक्क्यांची एकच ओळ ठेवावी. दर बदलला की जुन्या तक्त्याला हात न लावता नवा तक्ता करणे सुरक्षित.

उणिवाही मोकळेपणाने सांगायला हव्यात. मालाच्या साठ्याचा हिशेब यात नाही, पगारपत्रक नाही, बिलावर एचएसएनसाठी वेगळा रकाना नाही. तो संकेतांक वर्णनातच लिहावा लागतो. जीएसटीचे विवरणपत्र ही प्रणाली तयार करत नाही. माहिती बाहेर काढून पोर्टलवरून विनामूल्य मिळणाऱ्या ऑफलाइन साधनात भरावी लागते. माहिती डेटाबेसमध्ये ठेवली तरी एका वेळी एकाच व्यक्तीने काम करावे अशी तिची रचना आहे. गल्ल्यावर एक आणि आतल्या खोलीत दुसरा, असे चालत नाही.

आणि बदलांचा माग? ग्नूकॅश प्रत्येक बदलाची नोंद हिशेबाच्या फाइलशेजारी वेगळ्या लॉग फाइलमध्ये करते. परंतु मूळ मांडणीत या फाइली ३० दिवसच ठेवल्या जातात. त्या कायम ठेवण्याचा पर्याय आहे आणि जीएसटी नोंदणीकृत व्यवसायाने पहिल्याच दिवशी तो निवडावा. तरीही त्या फाइली कोणालाही काढून टाकता येतात. म्हणून प्रायव्हेट लिमिटेड कंपनीने ग्नूकॅशच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एकट्याने सेवा देणारे वास्तुविशारद, भाषांतरकार, सल्लागार, छोट्या संस्था यांच्यासाठी मात्र इतके भरवशाचे दुसरे साधन क्वचितच मिळेल. मराठीसह अनेक भारतीय भाषांतील अनुवादही यात आहेत. पण लेखापालाशी बोलताना इंग्रजी शब्दच सोयीचे पडतात, हा भाग वेगळा.

आपल्या मातीतील तीन प्रणाली

‘जीएनयू-खाता’ ही प्रणाली मुंबईत जन्मली. दृष्टिहीन असूनही मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रसारात अग्रभागी राहिलेले प्रोग्रामर कृष्णकांत माने यांनी तिचे नेतृत्व केले आणि पुढे डिजिटल फ्रीडम फाउंडेशनने तिची जबाबदारी वाहिली. भारतीय हिशेबपद्धती डोळ्यांसमोर ठेवून ती रचलेली असल्याने व्हाउचर, तेरीज, ताळेबंद हे सारे ओळखीचे वाटते. साठ्याची आणि जीएसटीची सोयही तीत आहे. महाविद्यालयांतील वाणिज्य शाखेत शिकवण्यासाठी तिच्याइतकी योग्य प्रणाली नाही, असे मला वाटते. धंद्यासाठी घेताना तिची अलीकडची आवृत्ती कोणत्या तारखेची आहे आणि त्रुटींना उत्तरे देणारे कोणी आहे काय, हे पाहूनच पुढे जावे. ही कसोटी खरे तर प्रत्येक मुक्तस्रोत प्रणालीला लावायला हवी.

उरलेल्या दोन प्रणाली फ्रापे टेक्नॉलॉजीज या मुंबईच्याच कंपनीच्या. ‘फ्रापे बुक्स’ ही धाकटी. ती इंटरनेटशिवाय आपल्या संगणकावर चालते, सारा हिशेब एकाच फाइलमध्ये ठेवते आणि चहा थंड होण्याच्या आत बसवून होते. दिसायला नेटकी, जीएसटीचे तक्ते तयार, साध्या साठ्याची सोय. एकाच ठिकाणाहून विक्री करणाऱ्या छोट्या दुकानदाराने आधी हिचीच चाचणी घ्यावी.

थोरली प्रणाली म्हणजे ‘ईआरपीनेक्स्ट’. रुशभ मेहता यांनी २००८ साली कंपनी स्थापली. कुटुंबाच्या फर्निचरच्या व्यवसायासाठी चांगली प्रणाली उभी करण्याच्या खटपटीतून या कामाची बीजे पडली. हिच्यात विक्री, खरेदी, साठा, उत्पादन, मालमत्ता आणि लेखाकर्म एकमेकांत गुंफलेले आहे. भोसरी किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत जॉब वर्क करणाऱ्या कारखान्याचे उदाहरण घेऊ. कच्चा माल आत आला, चलनावर बाहेर गेला, परत आला, बिल झाले. यातील प्रत्येक पायरीची नोंद एकदाच केली, की साठा आणि खतावणी दोन्ही हलतात. आकडे लाख-कोटींच्या स्वल्पविरामांसह दाखवण्याची सोयही आहे. आपल्या डोळ्यांना ती किती सुखावते, हे ज्याने ‘१००,०००’ वाचताना बोटे मोजली आहेत त्यालाच कळेल.

या प्रणालीत एकदा ‘सबमिट’ केलेला दस्त बदलता येत नाही. चूक झाली तर तो रद्द करून सुधारित दस्त नव्या क्रमांकाने करावा लागतो आणि रद्द केलेला दस्त तसाच दिसत राहतो. नवख्या हिशेबनिसाला हा जाच वाटतो. लेखापरीक्षकाला मात्र हायसे वाटते. ‘इंडिया कंप्लायन्स’ हे मुक्तस्रोत जोड-सॉफ्टवेअर बसवले, की ई-बीजक, ई-वे बिल आणि विवरणपत्रांची तयारी करता येते आणि त्यातील बदलांचा माग ठेवणारी सोय एकदा सुरू केली की बंद करता येत नाही. कंपनी कायद्याला जे अपेक्षित आहे, ते हेच. त्यामुळे कंपनी म्हणून नोंदलेल्या लघुउद्योगासाठी येथे उल्लेखिलेल्या प्रणालींपैकी ईआरपीनेक्स्ट हाच योग्य पर्याय ठरतो.

त्याची किंमत अन्यत्र मोजावी लागते. ईआरपीनेक्स्ट लिनक्स सर्व्हरवर चालते. तो बसवणे, अद्ययावत ठेवणे, त्याची प्रत घेणे हे जाणकाराचे काम आहे. कार्यालयातील ‘संगणकातला मुलगा’ ते यूट्यूब पाहून करील, अशी आशा बाळगू नये. एक तर अशा जाणकाराला दरमहा मेहनताना द्यावा किंवा सर्व्हर सांभाळण्याची सशुल्क सेवा घ्यावी. परवाना शून्य रुपयांचा असला तरी पहिल्या वर्षाचा एकूण खर्च शून्य असत नाही. तो खर्च कागदावर मांडून टॅलीच्या परवान्याशी आणि त्याच्या नूतनीकरणाशी ताडून पाहावा. पाचदहा माणसे एकाच वेळी प्रणाली वापरणार असतील तर मुक्तस्रोताचे पारडे झपाट्याने जड होते. एकच अर्धवेळ हिशेबनीस आठवड्यातून दोनदा येणार असेल आणि त्याला फक्त टॅलीच येत असेल, तर घाई न करणे शहाणपणाचे. त्या माणसाला दोन महिन्यांचे शिक्षण देण्याची तयारी आहे काय, हे मालकाने आधी ठरवावे आणि आपल्या सनदी लेखापालाला कोणत्या स्वरूपात माहिती चालेल, तेही विचारून घ्यावे. अनेकांना तेरीज आणि खतावणी एक्सेलमध्ये मिळाली तरी पुरते.

चाचणी आणि स्थलांतर

निवडीपूर्वी प्रत्येक प्रणालीवर आपल्याच धंद्याचा एक महिना चालवून पाहावा. बनावट व्यवहार नकोत. मागील जानेवारीची खरी बिले घ्यावीत. त्यांत एक विक्री-परतावा, एक आगाऊ रक्कम, एक परराज्यातील विक्री आणि हप्त्यांनी आलेली एक उधारी असलीच पाहिजे. महिन्याची तेरीज जुन्या प्रणालीशी पैशापर्यंत जुळावी. त्यानंतर जीएसटीआर-२बी मधील खरेदीशी आपली खरेदी ताडून पाहावी. पुरवठादाराने आपले बिल चढवलेलेच नसेल तर १ जानेवारी २०२२ पासून त्यावरील कराची वजावट मिळत नाही आणि हा फरक वेळेत दाखवून देणारी प्रणाली वर्षाकाठी खरे पैसे वाचवते. देण्यांची मुदतवार यादीही काढून पाहावी. उत्पादन वा सेवा देणाऱ्या सूक्ष्म व लघु पुरवठादारांचे पैसे कमाल ४५ दिवसांच्या कायदेशीर मुदतीत न दिल्यास २०२३-२४ पासून तो खर्च त्या वर्षी प्राप्तिकरात वजा होत नाही.

माहिती बाहेर काढता येते का, याची परीक्षाही चाचणीतच घ्यावी. सर्व पक्षकार, सर्व व्यवहार आणि साठा सीएसव्हीच्या स्वरूपात काढून दुसऱ्या संगणकावर उघडावा. घेतलेली प्रत प्रत्यक्ष परत बसवून पाहिल्याखेरीज ती प्रत आहे असे मानू नये. पक्षकारांची नावे पूर्वी जुन्या मराठी फॉन्टमध्ये लिहिलेली असतील तर ती आधी युनिकोडमध्ये आणावीत. नाही तर नव्या प्रणालीत ती अनाकलनीय इंग्रजी अक्षरांच्या रूपात अवतरतात आणि शोधताही येत नाहीत.

स्थलांतराला १ एप्रिलचा मुहूर्त उत्तम. मागील वर्षाचे सर्व व्यवहार नव्या प्रणालीत ओढून आणण्याचा मोह टाळावा. ३१ मार्चच्या शिल्लका, पक्षकारनिहाय न मिटलेली बिले आणि मोजून पक्का केलेला साठा एवढेच नव्या वहीत आरंभीच्या नोंदी म्हणून घ्यावे. जुनी प्रणाली मात्र तशीच ठेवावी, चालू स्थितीतील एका संगणकावर. जीएसटीचे दप्तर वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने आणि कंपनीचे दप्तर आठ आर्थिक वर्षे जपावे लागते. जुन्या परवान्याची मुदत त्याआधी संपणार असेल तर कीर्द, खतावणी आणि सर्व बिले पीडीएफ आणि सीएसव्ही अशा दोन्ही स्वरूपांत काढून दोन वेगळ्या जागी ठेवावीत. आणि हे काम परवाना चालू असतानाच उरकावे.